भूत आलं, आता काळजी नाही

आमच्या घरात भुताच्या पिक्चरला घाबरणारी माणसं भरपूर होती. फक्त ती भूत यायच्या आधी घाबरायची.

साल 1987, कोजागिरीची रात्र. कराडच्या आमच्या वाड्यात वर्गणी काढून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा सगळा संसार चोवीस तासांच्या भाड्याने आणला होता. पहिली कॅसेट देवाची, म्हातारी मंडळी जागी आहेत तोवर. शेवटची मारामारीची. आणि मधली, बरोबर बाराच्या सुमाराला, भुताचे हिंदी पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंची: 'पुराना मंदिर', 1984 चा. दोन सतरंज्यांवर पंचवीस माणसं.

रामसेंच्या हवेलीचा एक नियम असतो. बाहेर विजा कडाडत असोत, म्हातारा नोकर कंदील वर धरून 'परत जा' म्हणत असो, नायिकेला आल्या आल्या आंघोळ करायची असते. पाणी गरम आहे का, एवढंही ती विचारत नाही. इकडे वाड्यात पळापळ. पडद्यावर पाण्याचा आवाज आला की काका खोकायला लागायचे. वडील म्हणायचे, "जा रे, पाणी घेऊन ये." त्या एका पिक्चरमध्ये मी चार तांबे पाणी आणलं, त्यातलं एक घोटही कोणी प्यायलं नाही. आई टीव्हीकडे पाठ करून कासव छाप पेटवायला बसायची. एका टोकाला ती आधीच पेटलेली असायची, म्हणून दुसऱ्या टोकाला. आटवायला ठेवलेलं दूध उतू गेलं ते नायिका अंग पुसत असताना.

मग कुठेतरी दार करकरायचं, हिरवा-लाल उजेड पडायचा, धूर यायचा आणि धुरातून सामरी, म्हणजे त्या पिक्चरमधलं भूत. की वाड्याचा जीव भांड्यात. "आलं बाई एकदाचं भूत!" म्हणून काकू मांडी सैल करून बसायच्या. काकांचा खोकला बंद.

या संकटात खरी मदत झाली ती मुंग्यांची. नव्या पोरांना सांगायला हवं : कॅसेटची टेप झिजली की पडद्यावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडायचा, त्याला आम्ही मुंग्या म्हणायचो. आता टेप झिजते कुठे? जिथे गावातल्या तमाम होतकरू तरुणांनी ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन, थांबवून बघितलेली असते तिथे. त्यामुळे भूत स्वच्छ दिसायचं, त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजून घ्या. आणि आंघोळ सुरू झाली की पडदाभर मुंग्या. सेन्सॉर बोर्डाला जे जमलं नाही ते गावकऱ्यांनी श्रमदानातून केलं होतं.

सामरीवर माझा जीव जडला तो तेव्हापासून. बिचाऱ्याचं डोकं हवेलीत पेटीत कोंडलेलं आणि धड भलतीकडेच. चुलत्यांची वाटणी बघितलेल्या वाड्याला यात नवल वाटलं नाही. पुढे वाचलं, की ती भूमिका करणारा उंच नट शिक्षणाने इंजिनियर. हे वडिलांना तेव्हा कळलं असतं, तर "बघ, इंजिनियर झालं की निदान भुताचं तरी काम मिळतं" हे मला बारावीपर्यंत ऐकावं लागलं असतं. त्याच पिक्चरमध्ये मध्येच जगदीप डाकू होऊन 'शोले'ची टर उडवतो. मुख्य कथेशी संबंध शून्य. पण भूत दमलं असेल, जरा बसू दे त्याला, इतपत समजूतदारपणा त्या काळच्या प्रेक्षकांत होता.

रामसेंचं सगळं घरचंच. सात भाऊ. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, कुमार लिहायला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला. 1972 च्या 'दो गज ज़मीन के नीचे'साठी ही वरात महाबळेश्वरला जाऊन गेस्ट हाऊसमध्ये राहिली आणि शूटिंग उरकून आली. म्हणजे आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, लोक जिथे स्ट्रॉबेरी खायला जातात तिथे, हे लोक मुडदा पुरत होते. आमच्या घरातल्या सात जणांना मिळून एक सत्यनारायण धड उरकता येत नाही.

हल्लीचं भूत कॉम्प्युटरमध्ये जन्मतं. त्याला घाम येत नाही, त्याचा विग सरकत नाही. मला ते परकं वाटतं. 1993 च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू बघा : रामदास पाध्यांचा बाहुला, खाली कोणाचा तरी हात असणार हे शेंबड्या पोराला कळत होतं. तरी महिनाभर माझी धाकटी बहीण तिच्या बाहुलीचं तोंड भिंतीकडे करून झोपायची.

तर परवा शनिवारी मी टीव्हीवर 'पुराना मंदिर' लावला. चौदा वर्षांच्या मुलीला आपला वारसा दाखवावा, हा हेतू. आई समोर मटार सोलत बसलेली. मुलगी पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाली, "बाबा, मानेपाशी बघ, मुखवट्याची कड." मला भरून आलं. पोरगी आपली आहे.

आणि पाण्याचा आवाज सुरू झाला.

हे मी साफ विसरलो होतो. आठवणीत तिथे नुसत्या मुंग्या होत्या! आता चित्र इतकं लख्ख, की साबणाचा फेससुद्धा दिसत होता. मी रिमोट उचलला. आमच्या रिमोटचं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे आणि सेल दोनदा तळहातावर आपटल्याशिवाय तो ऐकत नाही. आपटला. आवाज वाढला. मला खोकला आला, हुबेहूब काकांचा.

"जा गं, जरा पाणी घेऊन ये."

"बाबा, बाटली तुझ्या मांडीवर आहे."

भूत येईना. दार करकरेना. मी घटाघटा पाणी प्यायलो. आईने हातातली शेंग परातीत ठेवली, चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे नीट बघत म्हणाली,

"अरे, इथे मुंग्या यायच्या ना?"