‘ओढतंय की!’ एवढ्यानं भागत नाही

‘मिलिटरीचा कंडम ट्रेलर घ्या, पिकअपला लावा, एका डिझेलमध्ये दोन खेपा मारा’ असा एक व्हिडिओ आणि त्याखालचा लांबलचक मजकूर सध्या कराड, विटा, आटपाडी, जतकडच्या ग्रुपांवर फिरतोय. व्हिडिओत अमेरिकेतला एक माणूस हिरव्या रंगाचा, दोन थोराड चाकांचा एम-105 ट्रेलर पिकअपमागं लावून सरळसोट रस्त्यानं जातो. खाली मराठीत मुद्दे आहेत. दीडटनी ट्रेलर म्हणजे वजन दीड टनच. आपली पिकअप तेवढं सहज ओढते. मिलिटरीची वस्तू मजबूत असते, तिचं काही बघायला लागत नाही. ब्रेक पिकअपचे पुरतात. माल मागं भरला की पिकअपवर बोजा येत नाही. डुलायला लागला तर वेग वाढवा. आणि ट्रेलरला इंजिन नाही, म्हणून आरटीओची भानगड नाही.

माझं वर्कशॉप ट्रॉली आणि चेसीच्या कामाचं, त्यामुळं मोबाइल पुढं करत लोक येतात. गरज खोटी नाही. माण, आटपाडी, जतकडं उन्हाळ्यात डाळिंबाला विकतचं पाणी घालणाऱ्याला स्वस्तातला टाकीचा ट्रेलर दिसला की मोह होणारच. पण मजकुरातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा अर्धा खरा आहे, आणि उरलेला अर्धा घाटात अंगावर येतो.

वजनापासून सुरुवात करू. एम-105 हा अमेरिकन लष्कराचा दीडटनी ट्रेलर. यातलं दीड टन म्हणजे रानावनातून, खडकाळ वाटेनं न्यायचा माल, सुमारे 1360 किलो. पक्क्या रस्त्यावर त्याच ट्रेलरला 2040 किलोपर्यंत माल चालतो. रिकामा ट्रेलर स्वतः 1200 किलोच्या आसपास भरतो. म्हणजे पूर्ण भरला की प्रकरण सव्वातीन टनांवर जातं. तो ओढायला लष्करानं सहाही चाकांना जोर मिळणारा अडीचटनी ट्रक ठेवला होता, पिकअप नव्हे. आपल्याकडं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून निघणारे एकटनी किंवा पाण्याच्या टाकीचे ट्रेलर वेगळे, पण हिशोबातला घोळ तोच. नावातला टन मालाचा असतो, खालच्या लोखंडाचं वजन वेगळं. ट्रेलर घेतल्या घेतल्या आधी वजनकाट्यावर रिकामा मोजा. शंभर-दीडशे रुपयांत जे कळतं ते विकणारा कधीच सांगत नाही.

‘पिकअप सहज ओढते.’ सपाटीला ओढते, मान्य. पिकअपचं स्वतःचं वजन आणि थोडा माल मिळून 2.3 टन धरा, मागं 3.2 टनांचा ट्रेलर. एकूण साडेपाच टन. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हे ओझं ताशी 40 किलोमीटरनं वर न्यायला चाकांपाशी साधारण 60 एचपी लागतात. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपांचं इंजिन अडीच लिटरचं, 75 एचपीच्या आसपासचं. गिअरबॉक्स आणि धुऱ्यात थोडी ताकद जाते, ती वजा केली की हातात काही उरत नाही. व्हिडिओतल्या अमेरिकन पिकअपचं इंजिन सहसा याच्या दुप्पट असतं, हे मजकूर लिहिणाऱ्या दादांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. तरी हळूहळू, पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी चढेल. चढावर अडकून पुन्हा उठवायची वेळ आली की क्लचचा जळका वास येईल, पण चढेल. म्हणूनच ‘ओढतंय की!’ हे उत्तर मला रोज ऐकायला मिळतं. गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा शोधा. आकडाच दिलेला नसेल तर कंपनीनं मोकळीक दिलीय असा अर्थ काढू नका.

आता ब्रेक. मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच, म्हणून इथं जरा थांबतो.

एम-105 ला ब्रेक आहेत, पण ते चालतात ट्रकमधून आलेल्या हवेवर. हवा एका सिलिंडरला ढकलते आणि तो पुढं ऑइलचा दाब तयार करतो. पिकअपमध्ये हवेचा कॉम्प्रेसर नसतो. त्यामुळं पाइप लोंबकळत ठेवून ट्रेलर जोडला की तो बिनब्रेकचा झाला. पुढं लावलेला हँडब्रेक फक्त उभा असताना कामाचा. मग साडेपाच टनांना थांबवायचं काम एकट्या पिकअपच्या चार चाकांवर येतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर 60 च्या वेगात एकटी पिकअप ब्रेक मारल्यापासून साधारण 24 मीटरमध्ये थांबते असं धरलं, तर मागं बिनब्रेकचा सव्वातीन टन असताना तेच अंतर 55 मीटरच्या वर जातं. ड्रायव्हरला उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जे अंतर कापते ते यात नाही. ट्रॅक्टरमागं ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या बिनब्रेकच्या पळतात, मग इथं काय बिघडलं, असं काही जण विचारतात. तेही चांगलं नाहीच. पण ट्रॅक्टरचा वेग वीस-पंचवीसचा असतो. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं.

उतारावरचं गणित आणखी वाईट. वाई आणि पाचगणीच्या उंचीत 500 मीटरपेक्षा जास्त फरक आहे. साडेपाच टन घेऊन पसरणी घाट उतरताना जी शक्ती मोकळी होते ती पाऊण लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेएवढी भरते. काही भाग इंजिन अडवतं, काही हवा आणि टायर खातात, बाकी सगळी ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पॅडल खाली जातं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर अजून पंचाईत. डॉट-3 ऑइल नवं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की 140 अंशांच्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफेला दाबून ब्रेक लागत नाही. पाय थेट फळीला टेकतो.

त्यात मेसेजमध्ये ‘उताराला न्यूट्रल करा, डिझेल वाचतं’ अशी एक ओळ घुसडली आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाची अडवणूक शून्य. मग खंबाटकीचा बोगदा संपल्यावर साताऱ्यातल्या खंडाळ्याकडच्या एस वळणात एवढ्या गाड्या का उलटल्या हे वेगळं समजावून सांगायला नको. जुने ड्रायव्हर सांगतात ते धरा: ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा. कुंभार्ली असो की पसरणी, भरल्या ट्रेलरला त्याहून एक गिअर खाली.

युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असलाच पाहिजे असा नियम आहे. तो आकडा मला पटतो. त्याच्या वर गेलात तर ट्रेलर पुढं ढकलला जाताच आपोआप लागणारा ओव्हररन ब्रेक किंवा केबिनमधून चालणारा इलेक्ट्रिक ब्रेक बसवा. ओव्हररनची एक खोड ध्यानात ठेवा: लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहतो, त्यामुळं तो ब्रेक सतत घासतो. खाली पोहोचल्यावर उतरून ट्रेलरच्या चाकाजवळ हात न्या, धग लागली तर गार होऊ द्या. आणि स्वतःचा चालू ब्रेक असला तरी भरलेल्या ट्रेलरचं वजन पिकअपच्या वजनापेक्षा जास्त नको, हे माझं मत आहे. त्या हिशोबानं पूर्ण भरलेला एम-105 आपल्या पिकअपमागं बसतच नाही.

‘मिलिटरीची वस्तू म्हणजे बघायलाच नको.’ आमच्या जिल्ह्यात हे वाक्य खपतं. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आणि 1961 पासूनचं सैनिक स्कूल ज्या साताऱ्यात आहे, तिथं मिलिटरी म्हटल्यावर माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो. पण लष्करात त्या ट्रेलरची वेळच्या वेळी तपासणी व्हायची. काम संपलं म्हणूनच त्यांनी तो विकायला काढला, आणि लिलावाची अटच असते ‘जसा आहे, जिथं आहे’.

टायर जाड दिसतो, गोट्या शाबूत असतात, म्हणून लोक फसतात. बाजूवर कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 1709 असेल तर तो टायर 2009 सालातल्या सतराव्या आठवड्यात बनलाय. उन्हात उभं राहून रबर कडक होतं, हवा भरली की बाजूच्या भिंतीत बारीक चिरा दिसतात. असला टायर भरल्या वजनाला महामार्गावर फुटतो, शेतात नाही. चाकं काढून बेअरिंग धुवून नवं ग्रीस भरा. दिव्यांचं तर मेसेजमध्ये ‘वायर जोडली की झालं’ एवढंच आहे. मिलिटरीचे दिवे 24 व्होल्टचे, पिकअप 12 व्होल्टची. तसेच जोडले तर बल्बचा उजेड दहाव्या हिश्श्यावर येतो. दुपारी पेटल्यासारखा वाटतो आणि रात्री मागच्याला काहीच दिसत नाही. बल्ब बदला, पिकअपची वायर तोडून जोडण्यापेक्षा रिले बसवा, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांचा भार पिकअपच्या बारीक वायरवर येत नाही.

जोडणीबद्दल मेसेज गप्प आहे. अलीकडेच वर्कशॉपात एक पिकअप आली होती. मागच्या बंपरवर आठ एमएमची पट्टी वेल्ड केलेली आणि तिच्यात ट्रॉलीची पिन. पिनेचं भोक गोल राहिलेलं नव्हतं, लांबुळकं झालं होतं. वेल्डच्या कडेनं केसाएवढी चीर, आणि चिरेच्या आत तांबूस गंज. गंज धरलाय म्हणजे चीर त्या दिवशीची नव्हती, मालक कित्येक दिवस तसाच हिंडत होता. बंपर हा चेसीचा भाग नव्हे, त्याला दोन पत्र्याचे हात असतात फक्त. हूक चेसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना आडवी बीम टाकून, बोल्टनं बसवायचा. चेसीच्या वरच्या-खालच्या कडेला भोकं पाडायची नाहीत. मिलिटरी ट्रेलरच्या तोंडाला लोखंडी कडी असते, तिला मिटणारा आणि लॉक होणारा पिंटल हूकच लागतो. ट्रॉलीच्या सैल पिनेत ती कडी ब्रेक मारताना पुढं, गिअर टाकताना मागं आपटत राहते. दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या घ्या, म्हणजे हूक सुटला तरी दांडा रस्त्यात घुसणार नाही. आणि जोडल्यावर ट्रेलर पातळीत राहिला पाहिजे, नाक वर नाही की खाली नाही.

‘माल मागं भरा, पिकअपवर बोजा येत नाही.’ बैलगाडी भरलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, गाडी उलाळ झाली की काय होतं. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या माना ताणतात. दोनचाकी ट्रेलरचंही तसंच, फक्त इथं पिकअपची मागची चाकं हलकी होतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर यायलाच हवा. दोन टनांच्या ट्रेलरला 200 ते 300 किलो. मोजायला अवघड नाही. धान्याच्या पोत्यांचा प्लॅटफॉर्म काटा सपाट जागी ठेवा, ट्रेलरच्या चाकांना मागून-पुढून दगड लावा, नाक हुकाच्या उंचीला येईल असा ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर दांडा टेकवा. कमी भरला तर माल पुढं सरकवा.

याची दुसरी बाजू मेसेजमध्ये नाही. हुकावरचे ते 300 किलो पिकअपच्याच मालात धरायचे. हूक मागच्या धुऱ्यापासून सव्वा मीटर मागं आणि दोन धुऱ्यांमधलं अंतर तीन मीटर असेल, तर पुढच्या चाकांवरचे सव्वाशे किलो उचलले जातात आणि मागच्या धुऱ्यावर सव्वाचारशे चढतात. त्यात पिकअपही काठोकाठ भरली की स्टिअरिंग हलकं लागतं, आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी काय सुरेख चाललीय. ‘एका डिझेलमध्ये दोन खेपा’ हा हिशोब इथंच मोडतो.

पाण्याच्या टाकीला आणखी एक गोष्ट. आत आडवे पडदे आहेत का ते झाकण उघडून टॉर्चनं बघा. नसतील तर अर्धी टाकी न्यायचीच नाही, पूर्ण भरा किंवा रिकामी करा. अर्ध्या टाकीतलं पाचशे-सातशे किलो पाणी वळणावर एका बाजूला धावतं.

‘डुलायला लागला तर वेग वाढवा, सरळ होतो.’ साफ चूक. एका ठरावीक वेगाच्या पुढं गेलं की ट्रेलरचे झोके आपोआप कमी व्हायचे थांबतात आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. वेग वाढवणं म्हणजे त्याला त्या हद्दीपलीकडं ढकलणं. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, झोक्याच्या उलट वळवत बसू नका. ट्रेलरचा ब्रेक वेगळा चालवता येत असेल तर तो हलका लावा. पिकअपचा ब्रेक जोरात दाबलात तर ट्रेलर तुमच्याशेजारी येऊन उभा राहील.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर आहे, त्यामुळं इंजिन नसण्याचा काही संबंध नाही. लष्कराच्या वाहनांची नोंदणी कलम 60 खाली वेगळी होते, पण वाहन संरक्षणाच्या कामातून बाहेर पडलं की कलम 39 आणि 40 लागू होतात, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच नोंदणी. पिकअपमध्ये केलेले फेरफार कलम 52 खाली येतात. विम्यातही ट्रेलर नोंदवलेला हवा, नाहीतर अपघातानंतर भरपाई खिशातून जाते. लिलावाची कागदपत्रं हातात आल्याशिवाय पैसे मोकळे करू नका. मधल्या दलालानं ‘कागद नंतर देतो’ म्हटलं की तिथंच नमस्कार करा. कागद पुरे असतील तर ट्रेलर घेऊन सातारा, कराड किंवा सांगली, जे आपलं आरटीओ असेल तिथं जा. तिथला निरीक्षक पहिल्या पाच मिनिटांत ब्रेक दाखवा म्हणेल, तेव्हा ते काम आधी करून जा.