रिव्होल्यूशन म्हणजे रक्तपात नव्हे

व्हॉट्सॲपवर बरेच दिवस एक मजकूर फिरतोय. ‘रिव्होल्यूशन हा शब्द 1789 साली फ्रान्समध्ये जन्मला. त्याचा अर्थ रक्तपात. इव्होल्यूशनला आर लावला की रिव्होल्यूशन होतं. मराठीतला क्रांती हा शब्द त्याच्याच भाषांतरासाठी घडवला.’ स्पर्धा परीक्षेची मुलं हे पाठ करतायत, म्हणून लिहायला बसलो.

1789 च्या शंभर वर्षं आधी, 1688 मध्ये, इंग्लंडचा दुसरा जेम्स पळाला, विल्यम आणि मेरी गादीवर आले. त्या सत्तांतराला इंग्रज ‘ग्लोरियस रिव्होल्यूशन’ म्हणतात. त्याच्याही मागे जा. कोपर्निकसचा 1543 चा ग्रंथ, त्याच्या लॅटिन नावातच हा शब्द आहे, पण ग्रहगोलांच्या फेऱ्यांसाठी. तो अर्थ आजही जिवंत आहे. मोटारसायकलच्या काट्यावरचं आरपीएम बघा, त्यातला आर रिव्होल्यूशन्सचाच.

आर जोडायची फोडही चुकीची. उपसर्ग ‘आर’ नाही, ‘रे’ आहे: पुन्हा, मागे. इव्होल्यूशनमधला ‘ए’ म्हणजे बाहेर. गुंडाळण्या-फिरवण्याच्या एकाच लॅटिन धातूच्या या दोन लेकी. एकीच्या पोटी दुसरी जन्मलेली नाही.

क्रांतीबद्दल अर्धंच खरं. राजकीय अर्थ इंग्रजी अमदानीत आला, शब्द मात्र आपल्या ज्योतिर्गणितात फार जुना. सूर्याचा आकाशातला वर्षभराचा मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. संक्रांतही त्याच ‘क्रम्’ धातूची, पाऊल पुढे टाकण्याची.

आता रक्तपात. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. फ्रान्समध्ये रक्त वाहिलं हे खरं, पण त्या शिरच्छेदांच्या पर्वाला इतिहासात वेगळं नाव आहे, ‘टेरर’. पोर्तुगालात 25 एप्रिल 1974 ला सैनिकांनी हुकूमशाही उलथली, तीही जवळपास गोळी न झाडता. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात मात्र चार जण मेले. त्या सत्तापालटालाही रिव्होल्यूशनच म्हणतात. खुद्द भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी जून 1929 मध्ये दिल्लीच्या न्यायालयात सांगितलं की क्रांतीत रक्तरंजित झगडा असलाच पाहिजे असं नाही. अन्यायावर उभी असलेली व्यवस्था बदलणं म्हणजे क्रांती. बाँब टाकल्याच्या खटल्यात उभे राहून त्यांनी हा खुलासा केला, हे त्या मजकुरात कुठेच येत नाही.

आणि मुंबईतलं गवालिया टँक? 8 ऑगस्ट 1942 ला तिथे ‘चले जाव’चा ठराव झाला, तो अहिंसक लढ्याचा. आज त्या जागेचं नाव ऑगस्ट क्रांती मैदान. क्रांतीचा अर्थ रक्तपात धरला, तर त्या पाटीवरचा शब्दच पुसावा लागेल.