खुलासा : मचाणावर नुसता कमरपट्टा पुरत नाही

झाडावरच्या मचाणावरून शिकार करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘वर बसल्यावर कमरेला पट्टा बांधला की झालं, चढता-उतरताना काही लागत नाही.’ यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

माणसं पडतात ती बऱ्याचदा चढताना, उतरताना किंवा शिडीवरून मचाणावर पाय टाकताना. म्हणून आधार जमिनीपासूनच हवा: झाडाला वरपर्यंत बांधलेली लाइफलाइन, म्हणजे सुरक्षेची दोरी, आणि तिच्यावर सरकणारी प्रुसिक गाठ, जिला अंगावरचा हार्नेस (खांदे, छाती, मांड्यांना बांधायचे पट्टे) अडकवायचा. झटका बसला की ही गाठ आवळते. कमरपट्ट्यात मात्र सगळं वजन पोटावर येतं, श्वास कोंडतो. उलटा झालेला माणूस त्यातून निसटूही शकतो. ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही मचाण बनवणाऱ्या उत्पादकांची संघटनाही पूर्ण अंगाचा हार्नेसच घालायला सांगते.

हार्नेसमध्ये बराच वेळ लटकून राहणंही धोक्याचंच, पण हे कुणी फॉरवर्ड करत नाही. पायांतलं रक्त नीट वर परतत नाही. रिलीफ स्ट्रॅपमध्ये, म्हणजे लटकताना पाय टेकवायच्या पट्ट्यात, पाय रोवून उभं राहायचं, पाय हलवत राहायचे. आणि बंदूक? रिकामी करून मागाहून दोरीनं वर ओढायची.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपमध्ये हा खुलासा टाका.