वाळूवर डांबर ओतून पाहा

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांचे व्हिडिओ फोनवर येतात आणि पाठोपाठ ठरलेलं पालुपद: "तुमच्या गल्फात काय, पाऊसच नाही! सपाट वाळूवर डांबर ओतलं की झाला रस्ता." मी गल्फात रस्त्याच्याच कामावर, त्यामुळे याचा मला मनापासून राग येतो.

कोरडी वाळू रोलरखाली दबत नाही, बाजूला सरकते. तिला पाणी लागतं आणि ते टँकरने आणावं लागतं. बोअरचं खारं पाणी वरच्या थरांना चालत नाही. उन्हाने मीठ वर चढतं, डांबराच्या पातळ थराखाली त्याचे खडे धरतात आणि रस्त्याला फोड येतात. सबखा, म्हणजे खारवट सपाट जमीन, लागली तर मातीतच मीठ. ऑगस्टच्या दुपारी मारलेलं पाणी रोलर पोचेपर्यंत उडून जातं, शिवाय बारा ते तीन उन्हात काम बंद. म्हणून पाणी मारणं पहाटे नाहीतर रात्री. थर पंधरा-वीस सेंटिमीटरचा. लॅबमधल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के भरली नाही तर ग्रेडरने उकरायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. लॅबवाल्याची सही होईपर्यंत पुढचा डंपर रिकामा होत नाही.

मग वारा. प्राइम कोट, म्हणजे खडीच्या थरावर पातळ डांबराचा पहिला हात, मारला आणि शमाल हा वायव्येचा वारा सुटला की वाळू चिकटलीच. झाडा, खराब झालेला पट्टा पुन्हा मारा. भरावाचे उतार मुद्दाम पसरट ठेवतात, म्हणजे वाळू अडून न बसता रस्त्यावरून पलीकडे जाते. उतारांवर गच, म्हणजे इथली घट्ट बसणारी माती, पसरून दाबतात, नाहीतर वारा भरावच पोखरतो. मशीनचे एअर फिल्टर रोज साफ करायचे. एक दिवस टाळला की इंजिन धापा टाकतं. रुब अल खाली या वाळवंटातून ओमान-सौदी जोडणारा रस्ता २०२१ मध्ये खुला झाला, तो असल्याच वाळूतून.

आणि पाऊस? वादीला, म्हणजे एरवी कोरड्या नदीपात्राला, लोंढा येतो तेव्हा वाळूने बुजलेली एक मोरी रस्ता तोडायला पुरते.

कोकणात भूसंपादन रखडतं, घाट आहेत, चार महिने पाऊस आहे, मान्य. पण काम २०११ पासून चाललंय. खड्डा पडतो तो साचलेल्या पाण्याने, न काढलेल्या गटाराने, कच्च्या दाबलेल्या थराने. त्यात आभाळाचा काय दोष?

'तुमचं गल्फ' हे शब्द मात्र लागतात. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की इथे आमचं काहीच नाही. घर त्याच महामार्गावरच्या माणगावला आहे, म्हणून तर तिथल्या गटारावर एवढा जीव तुटतो.