नेट मीटर आणि रात्रीचे आठ

गोव्यातल्या साखळी गावच्या तिठ्यावर विषय निघाला छतावरच्या सोलरचा आणि पेटला कोळशावर.

दाजीचा हिशेब सरळ. "तीन किलोवॅट बसवलं की केंद्र सरकार ७८,००० रुपये देतं. साडेपाचशे वॅटची सहा पॅनेलं, वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला बारा युनिट. झाला मरे कोळसा बंद!"

"खंय बंद?" सुहास सोलरचीच कामं घेतो, तरी भडकला तोच. "पॅनेल वीज देतं दुपारी, तू एसी लावतोस रात्री. नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो, पण ती कागदावर. रात्री आठला तारेतून येते त्यात बाहेरच्या राज्यांतल्या कोरबा-विंध्याचल वीजकेंद्रांचा कोळसा असतोच. आपल्याकडे मोठं वीजकेंद्र आहे कुठे?"

"पण दुपारचा कोळसा तर वाचला?" प्रकाशने विचारलं.

"थोडा," सुहास म्हणाला. "कोळशावरचा ५०० मेगावॅटचा संच साधारण २७५ पर्यंत खाली आणतात. त्याखाली बॉयलरमधली ज्योत डळमळते, तेल जाळून ती धरावी लागते. पूर्ण थंड केला तर परत चालू व्हायला कित्येक तास. संध्याकाळी लागणार म्हणून तो दुपारीही धुमसत ठेवायचा."

दाजीने चहा सांगितला. मुद्दा पटला की तो कबूल करत नाही, चहा सांगतो.

"मग बॅटरी लावूया."

"लाव की. पाच युनिटची लिथियम घेतलीस तर हाताला साडेचार लागतात. दीड टनाचा एसी तासाला एक युनिट धर. आठला लावलास तर साडेबाराला घामाघूम. पंखे, दिवे, फ्रिज एवढंच ठेवलंस तर रात्र निघेल. आणि आषाढात ढग बसले की बाराची चार-पाच युनिटं होतात, बॅटरी भरणार कशाने?"

"निदान लाईट गेली तर सोलर चालेल," प्रकाश म्हणाला.

हा गैरसमज घरोघरी आहे. पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलून बाहेरच्या तारेला जोडणारा साधा ग्रिडवाला इन्व्हर्टर लाईट गेल्याबरोबर स्वतः बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. लाईट गेल्यावरही वीज हवी तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि निवडक दिव्यांची वेगळी वायरिंग लागते. कोटेशनमध्ये हे तिन्ही आहे का ते पाहावं.

मग सुहास पॅनेलं बसवायच्या बारकाव्यांवर आला. किनारपट्टीला साधे नटबोल्ट गंजतात, तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेसच घ्यायचं, आणि पॅनेल खाऱ्या हवेची चाचणी पास झालेलं. कौलारू घरात पॅनेलचा हूक वाशाला स्क्रूने धरायचा. कौलावर भार आला की ते तडकतं आणि पहिल्याच पावसात गळतं. चिऱ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग पकडत नाही. पावसात नव्हे, एप्रिलमध्ये मोजायचं. डीसी (पॅनेलची बाजू), एसी (घरच्या विजेची बाजू) आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक, तिघांचे अर्थिंगचे खड्डे वेगळे. पॅनेलच्या वायरी जोडणारे कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगवेगळे जोडले तर बसतात छान, पण आत सैल राहून तापतात आणि वितळतात.

"माझ्या दक्षिणेला एकच माड आहे," दाजी म्हणाला.

"एक पुरतो. सगळी पॅनेलं एका माळेत असतात, सावली एकावर पडली तरी माळेची वीज घटते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा नऊ आणि तीनला सावली बघ, मग जागा ठरव. आणि नारळ काढणाऱ्या पाडेल्याला सांगून सुकी चुडतं, म्हणजे झावळ्या, आधी उतरव, काचेवर एक पडलं तरी पॅनेल गेलं."

"डिसेंबरपर्यंत थांबू?"

"मोबाईलवर सूर्याची वाट दाखवणारं अ‍ॅप असतं रे. चहाचे पैसे दे आणि चल, आत्ताच बघू."