'पाच मिनिटांचं काम, दोन आठवडे लावले' या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

दोन स्टार दिलेत, पण कारणं मोकळेपणाने लिहिलीत, हे बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमची नव्वदच्या दशकातली टू-स्ट्रोक स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी) स्लोला, म्हणजे रेस न देता, चालू राहत नव्हती, स्क्रू अर्धा फेरा फिरवून सुटणारं काम होतं, आणि आम्ही त्यासाठी दोन आठवडे घेतले, तपासणीचे वेगळे पैसे लावले, वर इनटेकची रबरं बदलली. घरी नेल्यावर निळा धूर निघाला, स्लोही फार खाली वाटला, मग मित्राने स्क्रू आत घेऊन पाच मिनिटांत गाडी 'मस्त' करून दिली. मराठी माणूस म्हणून मुद्दाम इथे ओंटारिओतल्या बॅरीपर्यंत आलात, हेही लिहिलंय. तेव्हा उत्तर मराठीतच देतो.

गाडी सोडताना तुम्ही काउंटरवर दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या जॉब कार्डवर आहेत. एक, थंडीत चोक अर्धा ओढून ठेवला तरच चालते. दुसरी, तापल्यावर रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, तसंच गुरगुरत राहतं. निम्मं निदान तुमच्याच बोलण्यात होतं. चोक ओढल्यावर इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतं. त्याने बरं वाटत असेल, तर एरवी पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा जास्त घुसतेय. रेस लटकून राहते तेव्हा बहुतेक वेळा हवाच असते. तुमच्या गाडीत दोन्ही निघालं.

प्लग काढले. एका सिलिंडरचा नीट तपकिरी, क्लचच्या बाजूचा पांढराफटक. मग कार्बोरेटर उघडले. तुमच्याकडे मिकुनी कंपनीचे दोन आहेत, प्रत्येक सिलिंडरला एक. स्लो जेट ही बोटाच्या पेराएवढी पितळी नळी, आतलं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. उजवा जेट दिव्यासमोर धरला तर प्रकाशाचा टिपका दिसला. डाव्यात काळोख. स्लोला सगळं इंजिन त्या भोकावरच जगतं, मोठ्या रेसला पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतं. म्हणून ट्रेलवर गाडी पळत होती आणि थांबलात की मान टाकत होती.

हे का होतं? मार्च-एप्रिलमध्ये बर्फ गेलं की गाडी शेडमध्ये जाते आणि कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल तसंच राहतं. हलका भाग उडून जातो, खाली चिकट रोगण उरतं. ओंटारिओत 2020 पासून पेट्रोलमध्ये सरासरी 10 टक्के इथेनॉल घालणं सक्तीचं आहे, 2025 पासून 11. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तुमच्या वाटीच्या तळाशी पांढरी खरड बसली होती. अशा भोकात तार घालणारे बरेच आहेत. तार घातली की भोक वाढतं आणि पुढे तो जेट कधीच नीट लागत नाही. आम्ही जेट अल्ट्रासोनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या मशीनमध्ये, टाकतो, त्यानेही नाही सुटला तर नवा घालतो. तुमचा नवा घातला.

आता रबरं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं ते जाड रबर नुसतं बघितलं तर धडधाकट दिसत होतं. हाताने वाकवलं तेव्हा खालच्या अंगाला तडा उघडला, नख जाईल एवढा. गाडी चालू ठेवून वर क्लीनरचा फवारा मारून हवेची गळती शोधायची पद्धत आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते काम मी माझ्या दुकानात करू देत नाही. आम्ही इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत साधारण 6 पीएसआय दाबाने हवा भरतो आणि साबणाचं पाणी लावतो. तपासणीचा जो तास बिलात लागला, तो हा. त्यात क्रँकचे सील शाबूत आहेत हे कळलं. ते गेले असते तर इंजिन पूर्ण उघडावं लागलं असतं आणि तुमचं बिल किती झालं असतं, ते इथे लिहीत नाही.

दोन आठवड्यांपैकी बहुतेक दिवस रबरं यायची वाट बघण्यात गेले. तडा गेलेल्या रबरावर गाडी जोडून शनिवारच्या राइडला देता आली असती, हे खरं आहे. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली की पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो, आणि इंजिन जाम होतं. घरापासून चाळीस किलोमीटरवर, उणे वीसमध्ये. तशी गाडी मी देत नाही, मराठी माणसाला तर नाहीच. दर मात्र सगळ्यांना तेच आहेत, ते भिंतीवर लावलेत.

निळ्या धुराचं बिलावर हाताने लिहून दिलं होतं. काम करताना ऑइलची नळी सुटी केली होती. तिच्यातली हवा आम्ही काढतो, तरी खबरदारी म्हणून पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून देतो. नळीतलं आणि टाकीतलं असं दुप्पट ऑइल जळतं, म्हणून तेवढी टाकी धूर निघणार. ती संपल्यावरही निघत असेल तर मला लगेच कळवा.

राहिला मित्राचा स्क्रू. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारल्यासारखं ते होतं, एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तुमच्या गाडीला असे दोन स्क्रू आहेत आणि दोन्ही स्लाइड, म्हणजे कार्बोरेटरमधल्या वर-खाली सरकणाऱ्या झडपा, बरोबर एका उंचीवर लागतात. एकच फिरवला असेल तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत बसतो. दोन्ही खूप आत घेतले असतील तर रेसची केबल सैल पडते, आणि तुमच्या मॉडेलला हँडलजवळ जो सेफ्टी स्विच आहे, तो 'केबल अडकली' असं समजून इंजिन बंद पाडतो. शिवाय स्लो फार वर नेला तर क्लच धरायच्या जवळ पोचतो. मिनिटाला साडेतीन-चार हजार फेऱ्यांवर क्लच धरतो आणि गाडी आपोआप पुढे सरकते. घराच्या ड्राइव्हवेवर लहान मुलं असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. आम्ही तापलेल्या इंजिनावर स्लो 1,600 फेऱ्यांना लावलं होतं. कानाला खाली वाटतं, पण या इंजिनाचा स्लो तिथेच असतो.

गाडी घेऊन या. दोन्ही कार्बोरेटर परत सिंक करून, म्हणजे एकसारखे लावून, देतो, त्याचे पैसे नाहीत. तुमची जुनी रबरं आणि तो डावा जेट नावाची चिठ्ठी लावून ठेवलाय, दिव्यासमोर धरून बघा. तोपर्यंत रेस सोडल्यावर इंजिन अचानक बंद पडत असेल तर स्विचची वायर काढायला कोणी सांगितलं तरी काढू नका. शनिवारी दुपारी एकपर्यंत मी स्वतः दुकानात असतो.