पाचशे रुपये देऊन आपल्याच पेठा बघायच्या?

रविवारी सकाळी हेरिटेज वॉकला गेलो होतो हे चुकून कट्ट्यावर बोलून गेलो आणि मग काय, दोन चहा होईपर्यंत सगळ्यांनी मलाच धरलं.

पश्या म्हणे, "पाचशे? शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, एवढं चालायला? मला द्यायचे की, पाठुंगळी घेऊन फिरवला असता." पश्या जन्मापासून कसब्यात, तेही वाड्यात, त्यामुळे पुण्याचा इतिहास आपल्याला रेशनकार्डासोबतच मिळालाय असं त्याचं ठाम मत.

म्हटलं ठीके, त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर काय कोरलंय सांग. गप्प! अरे सोमवार पेठेत, तुझ्या घरापासून चालत जाशील, अठराव्या शतकातलं देऊळ, गणपतीला तीन सोंडा आणि बसलाय मोरावर, आणि बाहेर दगडात चक्क गोरे सोजीर गेंड्याला साखळदंडाने बांधतायत. पुण्यात गेंडा! मी चाळीस वर्षं त्या भागातून गाडी हाणतोय, एकदा मान वर केली नाही.

"ते सोड," मंद्या मध्येच, "शनिवारवाड्यात 'काका मला वाचवा' ऐकवलं का नाही?" ऐकवलं ना, आणि इथे माझंही डोकं फिरलं. नारायणराव पेशव्याचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, गारद्यांचा म्हणजे भाडोत्री शिपायांचा पगार थकलेला, घरातलं राजकारण, एवढा मसाला असताना त्या गाइडने अर्धा तास अमावस्या, किंकाळ्या आणि 'ध चा मा' यातच घालवला. बरं आतला वाडा 1828 च्या आगीत गेला, उरलेत ती जोती, तर जोत्यांवरून आत काय कसं होतं ते दाखव ना बाबा. मंद्याचं म्हणणं, लोक भुतासाठीच पैसे देतात, नाहीतर रविवारी सहाला कोण उठतंय. पटलं नाही, पण ग्रुपमधले सगळे मोबाईल नेमके तिथेच वर गेले होते हेही खरं.

लाल महालाशी एक बाई हात जोडून म्हणाल्या, इथेच महाराज राहिले. जागा तीच म्हणतात हो, पण ही इमारत 1980 च्या दशकातली! ते तरी गाइडने स्पष्ट सांगितलं, तिथे मात्र माझे पैसे वसूल.

मग पश्या एकदम तापला. "तुमचा वॉक होतो रे, आमची सकाळ जाते. परवा वीस जण चौकात, आजी वाळवण घालतीये आणि एकजण म्हणतो, आजी जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय." यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. राहतं घर आहे ते, विचारून आत यावं, नाही म्हटलं तर मुकाट पुढे जावं.

मी आपला विषय बदलायला कात्रजच्या पाण्याचं काढलं, वॉकमधला सगळ्यात भारी भाग तोच होता. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून नळ आणला पार शनिवारवाड्यापर्यंत, ना पंप ना वीज, नुसत्या उतारावर, आत माणूस उतरून चालेल एवढा, मधेमधे उच्छ्वास, म्हणजे विहिरीसारखी उघडी तोंडं, तिथे गाळ खाली बसणार आणि पाणी पुढे जाणार. वाटेत पेठापेठांतून हौद, नाना हौद, काळा हौद, आणि बड्या लोकांच्या वाड्यांतही.

"आमच्याकडेपण होता की," पश्या.

"काय?"

"हौद. चौकात. आजोबांनी बुजवला, वरून फरशी टाकली." मग जरा थांबून, "मी ॲक्टिव्हा लावतो तिथे."

मंद्या उठलाच, म्हणे चल दाखव आत्ता. पश्या म्हणतो, पाचशे रुपये पडतील.